मूत्राशयाचं फाटक आणि पुराव्याची चाळणी

संध्याकाळी सीएसएमटीहून स्लो लोकल पकडायची, सव्वा तास दाटीत उभं राहायचं आणि ठाकुर्लीला उतरायचं. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. निघताना घेतलेला चहा घाटकोपरच्या आसपास आठवण करून देतो. आपण तिकडे लक्ष देत नाही. ठाणं जातं, दिवा जातो, डोंबिवली जाते. पूल उतरून दहा मिनिटं चालतो, इमारतीचा जिना चढतो, खिशातून किल्ली काढतो. ती कुलपात जाते न जाते तोच लघवी अशी अनावर होते की दार उघडेपर्यंत जीव कासावीस व्हावा.

आता एक साधा हिशेब करू. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. दिवसात मिनिटं १४४०. म्हणजे मूत्राशयात मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर भर पडते. स्टेशन ते घर या दहा मिनिटांत फार तर दोन चहाचे चमचे लघवी वाढली. चहा जास्त झाला असेल तर चार चमचे म्हणा. सव्वा तास जे मूत्राशय निमूट राहिलं, ते दोन-चार चमच्यांनी एवढं का बिथरावं?

कारण प्रश्न मूत्राशय किती भरलं याचा नाही. ते कधी रिकामं करायचं हे ठरवणारा डोक्यात बसलेला आहे, आणि त्याने किल्लीचा आवाज ओळखलेला आहे.

फाटक आणि सिग्नल

ठाकुर्लीच्या जुन्या रहिवाशांना रेल्वेचं फाटक आठवत असेल. रिक्षा, सायकली, माणसं यांची रांग रुळांवरून संपेपर्यंत फाटक बंद होत नसे, आणि फाटक बंद होत नाही तोवर सिग्नल हिरवा होत नसे. तिकडे लोकल खोळंबलेली. पूल झाल्यावर ती कटकट गेली. पण त्या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात. रस्ता उघडा तर गाडी थांबलेली. गाडी निघणार तर रस्ता बंद. दोन्ही एकदम चालू, असं कधीच होऊ द्यायचं नाही. रेल्वेवाले याला इंटरलॉकिंग म्हणतात.

मूत्राशयाचं कामही असंच आहे. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. तिच्या तोंडाशी गोल आवळणारा स्नायू असतो, त्याला झडप म्हणू. भरण्याच्या वेळी पिशवीचा स्नायू सैल आणि झडप बंद. रिकामं करण्याच्या वेळी आधी झडप सैल होते, मग पिशवी आकुंचन पावते. पिशवी दाबते आहे आणि झडपही बंद आहे, असं निरोगी शरीरात होत नाही.

हे सांभाळायला तीन नसा आहेत. पाठीच्या खालच्या भागातून निघणारी एक नस पिशवीला सैल ठेवते. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकातून निघणारी दुसरी नस पिशवीला आकुंचनाचा हुकूम देते. तिसरी त्याच टोकातून निघून झडपेपर्यंत जाते. तिच्यावर आपली इच्छा चालते, म्हणून तर आपण लघवी रोखून धरू शकतो. या तिघींचा मेळ घालणारी केबिन मात्र वर आहे, मेंदूच्या बुडाशी, पॉन्स नावाच्या भागात. बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ही जागा दाखवून दिली.

केबिनच्याही वर एक कंट्रोल रूम असते: कपाळामागचा मेंदू. केबिन म्हणते, ‘पिशवी भरत आली, सोडू का?’ कपाळामागचा मेंदू आजूबाजूला बघतो. लोकलची गर्दी, शेजारी उभे असलेले सहकारी. तो म्हणतो, ‘थांब.’ मूत्राशयात सर्वसाधारणपणे चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं. पहिली जाणीव त्याच्या बरीच आधी होते, आणि त्या जाणिवेला हे ‘थांब’ दाबून ठेवतं. तान्ह्या बाळात कंट्रोल रूम अजून कामाला लागलेली नसते. म्हणून पिशवी भरली की ती आपोआप रिकामी होते. दोन-तीन वर्षांत मूल शिकतं. आई बाळाला बसवून ‘शूऽऽ’ करते, आणि काही दिवसांनी त्या आवाजाबरोबर धार लागते. आवाज आणि लघवी यांची गाठ पडते.

दारावरच्या किल्लीची गोष्ट तीच आहे. वर्षानुवर्षं किल्ली फिरते आणि मागोमाग आपण न्हाणीघराकडे वळतो. किल्ली हीच आपली ‘शूऽऽ’ होऊन बसते. ‘थांब’ म्हणणारी पकड सुटते, आणि इतका वेळ दाबलेली जाणीव एकदम वर येते.

केबिनची तार तुटली तर

समजा, केबिन आणि फाटक यांना जोडणारी तारच तुटली. मणका मोडून मज्जारज्जूला मार बसला की नेमकं हेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांना अशी इजा होते. आपल्या भागात गाडीतून पडणं, बांधकामाच्या परांचीवरून पडणं, दुचाकीचे अपघात ही ओळखीची कारणं. मणक्याचा क्षय, जन्मतः मणका उघडा राहणं, पक्षाघात, कंपवात आणि वर्षानुवर्षं अनियंत्रित राहिलेला मधुमेह यांनीही मूत्राशयाच्या नसा बिघडतात. या सगळ्या आजारांचा मूत्राशयाच्या बाजूने विचार करणाऱ्या वैद्यकशाखेला न्यूरो-युरॉलॉजी म्हणतात.

इजेनंतर सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय लुळं पडतं आणि लघवी तुंबते. पुढे मज्जारज्जूचं खालचं टोक स्वतःच्या बळावर जागं होतं, पण केबिनशी संपर्क नसल्याने मेळ उरत नाही. पिशवी दाबते आणि झडपही आवळते. फाटक उघडं असताना गाडी सुटावी, तसं. लघवी बाहेर पडत नाही, आतला दाब चढतो, आणि तो दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. बाहेरून फक्त थेंब थेंब गळताना दिसतं. घरच्यांना वाटतं, लघवी सुटते म्हणजे साफ होतेय. खरं तर पिशवी भरलेलीच असते आणि ओसंडून गळत असते. मूत्रपिंडांचं नुकसान बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून ते उशिरा कळतं.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्यांना आणखी एक धोका असतो, तो प्रत्येक घरी ठाऊक असावा असं मला फार वाटतं. मूत्राशय तुडुंब भरलं किंवा नळी अडली तर अचानक डोकं ठणकतं, घाम फुटतो आणि रक्तदाब भयंकर वाढतो. अशा वेळी माणसाला बसतं करून आधी नळी तपासायची आणि तातडीने डॉक्टर गाठायचा.

बहात्तर सालची नळी

आपल्याकडे बहात्तर साल म्हटलं की दुष्काळ आठवतो. वैद्यकाच्या इतिहासात त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडीस या मूत्ररोगतज्ज्ञाने एक छोटा निबंध छापला.

त्याआधीची परिस्थिती भीषण होती. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला जखम झालेले बहुतेक सैनिक मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि पाठीवरच्या व्रणांमुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. १९४४ मध्ये लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे अशा जखमींसाठी विभाग सुरू केला. तिथे नळी कायम आत न ठेवता ठरावीक वेळाने घालून, मूत्राशय रिकामं करून काढून घेत. मात्र ते काम निर्जंतुक हातमोजे घालून, शस्त्रक्रियेच्या शिस्तीने, जाणकार डॉक्टरांनीच करायचं असा दंडक होता.

लॅपिडीस यांनी तो दंडक मोडला. त्यांचं म्हणणं असं: पिशवी फुगून ताणली की तिच्या भिंतीतला रक्तपुरवठा कमी होतो आणि मग जंतूंना फावतं. म्हणून थोडे जंतू आत गेले तरी चालतील, पण पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली पाहिजे. साबणाने हात धुऊन, स्वच्छ नळीने, रुग्णाने स्वतःच हे करावं. या साध्या कल्पनेने असंख्य माणसं इस्पितळातून घरी आली, कामावर जाऊ लागली, जगली.

समजा, ठाकुर्लीतल्या एका घरात पस्तिशीतला माणूस कमरेखाली अधू होऊन परतला आहे. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अशाच एखाद्या पुनर्वसन केंद्रात त्याला आणि त्याच्या बायकोला नळी कशी घालायची ते शिकवलं. दिवसातून पाच वेळा. पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘एकदाच वापरा’. वर्षाला झाल्या १८२५ नळ्या. मिळवता माणूस घरी बसलेला. मग मेडिकलच्या बिलाकडे बघत बायको विचारते, ‘डॉक्टर, नळी धुऊन परत वापरली तर चालेल का हो?’

शेजारी एक सांगतो, वहिनी एक सांगते, मोबाइलवरचा व्हिडिओ तिसरंच सांगतो. मला हा लेख लिहावासा वाटला तो या बाईंच्या प्रश्नामुळे. तिला खरं उत्तर कुठून मिळणार?

शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. कुकरच्या तळाचं शित आणि कडेचं शित वेगळं निघू शकतं. आधी ढवळावं लागतं.

उपचारांच्या अभ्यासातलं ढवळणं म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. दोन प्रकारच्या नळ्यांची तुलना करायची आहे. डॉक्टरांनी आपल्या मनाने वाटणी केली, तर तरुण, हात चांगले चालणारे, घरी काळजी घेणारं माणूस असलेले रुग्ण नकळत नव्या नळीकडे जातील. मग नवी नळी चांगली ठरेल, पण ते श्रेय नळीचं असेल की माणसांचं? चिठ्ठी टाकून वाटणी केली की दोन्ही बाजूंना सगळ्या प्रकारची माणसं येतात. म्हणून चिठ्ठ्यांच्या चाचणीला वैद्यकात मान आहे.

लॅपिडीस यांच्याकडे चिठ्ठ्यांची चाचणी नव्हती. त्यांच्याकडे रुग्ण होते, बारीक नजर होती आणि एक सयुक्तिक कल्पना होती. या शाखेतला दुसरा पाया बघा. मूत्राशयातला दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीपेक्षा जास्त गेला तर मूत्रपिंडांना धोका, हा आकडा आज जगभर वापरतात. तो मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांच्या १९८१ च्या अभ्यासातून आला, आणि त्या अभ्यासात जन्मतः मणक्याचा दोष असलेली ४२ मुलं होती. कल्पना भक्कम आहे; जास्त दाब वाईट, हे नंतरच्या अनुभवानेही पटलेलं आहे. पण ३९ म्हणजे निर्धोक आणि ४१ म्हणजे संकट, एवढा बारीक निवाडा ४२ मुलांवरून होत नाही. अहवालात ३८ आकडा आला म्हणून तपासण्या सोडून देणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं.

दहा घरचं दूध

एकेक अभ्यास छोटा असतो. मग दहा अभ्यास एकत्र केले तर? ब्रिटिश डॉक्टर आर्ची कोक्रेन यांनी, पुन्हा १९७२ मध्येच, एका पुस्तकातून आग्रह धरला की वैद्यकाने आपल्या उपचारांची अशी झाडाझडती घेतली पाहिजे. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये कोक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिचं काम पद्धतशीर आढावे घेण्याचं: प्रश्न आधी ठरवायचा, जगभरातले सगळे अभ्यास शोधायचे, त्यांची पारख करायची, मग बेरीज.

तिच्या बोधचिन्हातच याचं चित्र आहे. एक उभी रेघ आणि तिच्या आजूबाजूला सात आडव्या रेघा. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, हा प्रश्न होता. यातली पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये झाली, तीही १९७२ ची. उभ्या रेघेला शिवणारी आडवी रेघ म्हणजे ‘नक्की सांगता येत नाही’. सातांपैकी बहुतेक तशाच होत्या. पण सगळ्यांची बेरीज करून तळाशी काढलेला छोटा चौकोन स्पष्टपणे एका बाजूला पडला: इंजेक्शनाने बाळं वाचतात. ही बेरीज उशिरा झाली, आणि तोवर ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही त्यातली कितीतरी बाळं गेली.

बेरजेला मात्र एक अट आहे. गावातल्या दूध संकलन केंद्रावर प्रत्येक किटली टाकीत ओतण्याआधी लॅक्टोमीटर लावून बघतात. एका घरचं दूध पाणी घातलेलं असेल तर टाकीभर दूध पातळ होतं. आढाव्यातही प्रत्येक अभ्यासाची अशी तपासणी व्हावी लागते. चिठ्ठ्या खरंच टाकल्या का? मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब दिला का? शेवटी निष्कर्षावर खात्रीचा शिक्का बसतो: उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. चिठ्ठ्यांची चाचणी ‘उच्च’पासून सुरू होते आणि दोष सापडले की खाली उतरते, नुसती निरीक्षणं ‘कमी’पासून सुरू होतात.

चारशे निबंध, चाचणी एकही नाही

आता आपल्या विषयाकडे. मज्जासंस्थेच्या आजाराने लघवीचा त्रास असलेल्या प्रौढांसाठी कुठली पद्धत बरी: कायमची नळी, मधूनमधून घालायची नळी, की बाहेरून लावायची पिशवी? या शाखेतला याहून मूलभूत प्रश्न मला सुचत नाही. कोक्रेनच्या आढावाकारांनी त्यासाठी सुमारे चारशे अभ्यास चाळले. त्यांच्या कसोटीला उतरेल अशी चिठ्ठ्यांची चाचणी एकही सापडली नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे नळीचा उपयोगच नाही. तसं अजिबात नाही. पुरावा नसणं वेगळं आणि निरुपयोगी ठरणं वेगळं. नियमितपणे मूत्राशय रिकामं करण्याने माणसं जगली, हे पन्नास वर्षांच्या अनुभवाने दिसलेलं आहे. आज कुणी अर्ध्या रुग्णांना त्यापासून वंचित ठेवून तुलना करू धजणार नाही. आणि इथे चाचणी करणंही मुळात अवघड आहे. मज्जारज्जूची इजा प्रत्येकाची वेगळी. रुग्ण तुलनेने थोडे आणि विखुरलेले. मूत्रपिंडं खराब व्हायला दहा-वीस वर्षं लागतात, एवढा काळ कुठलाही अभ्यास टिकत नाही. शिवाय जंतुसंसर्ग कशाला म्हणायचं, यावरच एकमत नसतं. नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. एका अभ्यासाने कल्चरमध्ये जंतू दिसले की मोजलं, दुसऱ्याने ताप आला तरच. मग बेरीज कशाची करायची?

मागे घेतलेला आढावा

बाईंच्या प्रश्नाला थेट भिडणारा कोक्रेनचा आढावा २०१४ मध्ये आला. त्यात ३१ चाचण्या होत्या. निष्कर्ष असा की नळी एकदाच वापरा किंवा पुन्हा वापरा, गुळगुळीत लेपाची घ्या किंवा साधी, जंतुसंसर्गात फरक पडतो असं ठामपणे दिसत नाही. गरीब देशांतल्या कुटुंबांना दिलासा देणारं हे वाक्य होतं.

मग दुसऱ्या तज्ज्ञांच्या गटाने मूळ निबंध काढून आकडे पुन्हा उतरवून पाहिले. कितीतरी ठिकाणी आकडे जुळेनात. उतरवण्यात आणि हिशेबात चुका होत्या. २०१७ मध्ये तो आढावा मागे घेण्यात आला.

मला हा प्रसंग या विषयातला सर्वांत शिकवणारा वाटतो. आढावा पुराव्याच्या शिडीच्या टोकावर असतो असं आपण शिकतो. पण तोही माणसांनीच केलेला हिशेब असतो. आणि कोक्रेनने तो मागे घेतला, नव्याने केला, हेही तितकंच महत्त्वाचं. २०२१ मध्ये नवा आढावा आला. या वेळी चाळणीतून २३ चाचण्या उरल्या, एकूण १३३९ माणसं. बहुतेक चाचण्या छोट्या. निष्कर्ष: फरक आहे की नाही, हे सांगता येत नाही. खात्री कमी ते अत्यंत कमी.

‘फरक दिसत नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ ही वाक्यं ऐकायला सारखी वाटतात. त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात धुतलेल्या नळीला परवानगी मिळाल्यासारखी आहे. दुसऱ्यात परवानगी नाही, मनाईही नाही. चाचणी करा, ही मागणी आहे.

चौकट: आढावा हाती आला तर काय बघायचं

आढाव्यांची पारख करण्यासाठी ‘ॲमस्टार २’ नावाची १६ प्रश्नांची कसोटी २०१७ पासून वापरात आहे. त्यातले सात प्रश्न कळीचे मानतात. सामान्य वाचकाला त्यातले थोडे पुरतात. काम सुरू करण्याआधीच आराखडा जाहीर केला होता का, की उत्तर बघून प्रश्न बदलला? कुठले अभ्यास वगळले आणि का, हे सांगितलं आहे का? प्रत्येक अभ्यासाला लॅक्टोमीटर लावला का, आणि पातळ दूध सापडल्यावर निष्कर्षाचा सूर उतरवला का? न छापलेल्या अभ्यासांचा विचार केला का? पैसे कुणी दिले?

भिंतीवरचे फोटो

न छापलेल्या अभ्यासांचं महत्त्व डोंबिवलीत राहणाऱ्याला चटकन कळेल. कोचिंग क्लासच्या बाहेर नव्वद-पंचाण्णव टक्केवाल्यांचे फोटो लागतात. पंचावन्न टक्के मिळालेल्याचा फोटो कुणी लावत नाही. नुसते फोटो बघून क्लासची सरासरी काढली तर ती चुकणारच. ज्या चाचण्यांत औषधाचा गुण दिसला त्या छापून येतात. ज्यांत दिसला नाही त्या टेबलाच्या खणात राहतात. यावर उपाय म्हणजे चाचणी सुरू होण्याआधीच तिची नोंद करणं. भारतात अशी राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना नोंद सक्तीची झाली.

आढाव्यांचं पीक मात्र जोरात आहे. जॉन इओआनिडिस यांनी २०१६ मध्ये मोजणी करून दाखवलं की १९९१ ते २०१४ या काळात वर्षाला छापले जाणारे पद्धतशीर आढावे २,७२८ टक्क्यांनी वाढले. एकूण वैद्यकीय निबंध त्याच काळात १५३ टक्क्यांनी. त्यातले बरेच आढावे एकमेकांची पुनरावृत्ती असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. न्यूरो-युरॉलॉजीसारख्या शाखेत ही वाढ विशेष खटकते. मूळ चाचण्या मूठभर, आणि त्याच मूठभर चाचण्या आढाव्यामागून आढाव्यात फिरतात. एकाच लग्नाचे फोटो पाच अल्बममध्ये लावले म्हणून पाच लग्नं होत नाहीत.

कुणासाठीचा पुरावा?

लघवीला जळजळ झाली की हल्ली मेडिकलमध्ये क्रॅनबेरीच्या गोळ्या पुढे येतात. या फळावर भरपूर अभ्यास आहे. कोक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास होते आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत व मुलांत क्रॅनबेरीने संसर्ग कमी होतो असं दिसलं. पण त्याच आढाव्यात पुढे लिहिलं आहे की नसांच्या बिघाडामुळे मूत्राशय पूर्ण रिकामं न होणाऱ्यांना तिचा फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात मज्जारज्जूची इजा असलेल्या ३०५ जणांवर झालेली चाचणी २००७ मध्येच छापून आली होती. तिथेही फायदा नव्हता. यामागचं कारण सरळ आहे. क्रॅनबेरी जंतूंना मूत्राशयाच्या भिंतीला चिकटण्यापासून रोखते असं मानतात. पण जिथे लघवी साचूनच राहते तिथे जंतूंना चिकटण्याची गरज काय? ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द डबीवर खरे असतील, आणि तरी ते तुमच्या घरातल्या माणसासाठी खरे नसतील.

याच शाखेत भक्कम पुरावा कुठे आहे, तेही सांगायला हवं. अतिसक्रिय मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनम विषाची, म्हणजे बोटॉक्सची, अल्प मात्रा टोचली की पिशवी महिनोन्महिने शांत राहते. त्यावर २०११ आणि २०१२ मध्ये दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या, २७५ आणि ४१६ रुग्णांच्या. चिठ्ठ्या टाकलेल्या, आणि कुपीत काय आहे हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. इंजेक्शनात हे जमतं; नळी मात्र लपवता येत नाही. दुसरं कारण असं की त्या चाचण्यांचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीने केला. चाचणी त्यामुळे खोटी ठरत नाही. पण पैसा जिथे वळतो तिथेच उत्तरं तयार होतात. लेपाच्या महागड्या नळीवर चाचणी करायला निर्माता पुढे येतो. साबणाने धुतलेल्या जुन्या नळीवर पैसे लावणारा कुणी नाही, आणि आपल्या देशातल्या बहुसंख्य घरांचा प्रश्न तोच आहे. ही चाचणी भारतात, सरकारी पैशाने व्हायला हवी. रुग्ण आपल्याकडे आहेत, पुनर्वसन केंद्रं आहेत, नोंदवही आहे. याच देशाने २००७ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशाने, कोक्रेनचे आढावे सगळ्या नागरिकांना मोफत वाचायला खुले केले होते.

वही

मग त्या बाईंना आज काय सांगायचं? डॉक्टर खरे असतील तर म्हणतील: एकदाच वापरायची नळी हा सुरक्षित बाजूचा सल्ला आहे; ती परवडत नसेल तर नळ्या कमी लागाव्यात म्हणून पाचाच्या तीन वेळा मात्र करू नका, कारण पिशवी ताणली जाणं हा जास्त मोठा धोका आहे हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. धुवायचीच वेळ आली तर कशी, किती दिवस, हे मला विचारून ठरवा. ताप, थंडी, लघवीत रक्त किंवा अंग नेहमीपेक्षा जास्त आवळू लागलं तर लगेच या. दरवर्षी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन चुकवू नका.

आणि ते एक वही घालायला सांगतील. शाळेची शंभर पानी चालेल. डावीकडे वेळ, मध्ये किती मिलिलिटर निघाली, उजवीकडे शेरा: किती पाणी प्यायलं, मध्ये गळलं का, नळी नवी की धुतलेली, ताप. मापाला स्वयंपाकघरातलं भांडं नको, खुणा असलेला प्लॅस्टिकचा वेगळा मग ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत वही बोलू लागते. एका वेळी पाचशेच्या वर आकडे दिसले तर वेळा जवळ आणायच्या. रात्रीचा आकडा फुगत असेल तर संध्याकाळचं पाणी दुपारकडे सरकवायचं. ताप आलेल्या तारखांच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय वेगळं घडलं, ते बोट ठेवून दाखवता येतं. हा एकाच माणसाचा पुरावा. त्याची बेरीज कुठल्याही आढाव्यात होणार नाही, पण पुढच्या तपासणीला डॉक्टर आधी तीच वही मागतील.

सकाळी सहा, ४१० मिली. साडेदहा, ३६०. अडीच, ३८०, थोडं गळलं. साडेसहा, ३४०, नवी नळी. रात्री साडेदहा, ४३०.